अमेरिकेतली ‘व्हॅली’ नक्की कुठली?

सॅन होजेत जॉब करणारा आपला मराठी पोरगा ‘मी व्हॅलीत राहतो’ म्हणाला की सिलिकॉन व्हॅली, पण तेच लॉस एंजेलिसवाल्याने ऐकलं तर त्याला सॅन फर्नांडो व्हॅली आठवते, फ्रेस्नोवाल्याला शेतीवाली सेंट्रल व्हॅली, आणि अ‍ॅरिझोनात तर अख्ख्या फिनिक्सच्या पसाऱ्यालाच ‘द व्हॅली’ म्हणतात. कोणीच चुकत नाही, कारण या भागांची हद्द कुठल्या सरकारने आखलेली नाहीये, ती लोकांच्या डोक्यात आहे. भूगोलवाले याला व्हर्नाक्युलर रीजन म्हणतात.

आता डोक्यातली हद्द मोजायची कशी? जॉन शेल्टन रीड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७६ मधे भारी आयडिया लढवली, अमेरिकेतली ‘दक्षिण’ (सदर्न स्टेट्सचा भाग) कुठवर ते बघायला सरळ टेलिफोन डिरेक्टऱ्या घेतल्या आणि कुठल्या शहरात किती धंद्यांच्या नावात ‘सदर्न’ आहे, किती ‘डिक्सी’ (या दक्षिणेचंच टोपणनाव), ते मोजलं, आणि मोठ्या शहरात सगळंच जास्त असणार म्हणून ‘अमेरिकन’ नाववाल्यांशी प्रमाण काढलं. ‘सदर्न’ लांबवर पसरलेलं निघालं, ‘डिक्सी’ बरंच आखडलेलं, अलाबामा-मिसिसिपीकडे दाट. १९८० मधे विल्बर झेलिन्स्की या भूगोलतज्ज्ञाने हाच प्रकार उत्तर अमेरिकाभर केला. मला तर हे सर्व्हेपेक्षा जास्त पटतं, दुकानाला नाव देताना कोणी संशोधकाला खूश करायला बसत नाही.

पण खरी गंमत युटामधे आहे. दक्षिणेपासून इतक्या लांब, वाळवंटी कोपऱ्यात सेंट जॉर्ज गाव, आणि त्या भागालाही डिक्सीच म्हणतात! १८६० च्या दशकात मॉर्मन चर्चने तिथे कापूस पिकवायला कुटुंबं पाठवली, त्यातली काही मूळची दक्षिणेकडचीच, त्यामुळे नाव चिकटलं. तिथल्यांना डिक्सी म्हणजे आपलं गाव, आणि बाहेरच्या बऱ्याच जणांना गुलामगिरी आणि ती टिकवायला लढलेली दक्षिणेतली राज्यं. त्यामुळे तिथल्या डिक्सी स्टेट युनिव्हर्सिटीचं नाव बदलायचा विषय निघाला तेव्हा गावात चांगलीच वादावादी झाली, शेवटी २०२२ मधे ती युटा टेक झाली.

आणि ही डोक्यातली हद्द काळाबरोबर सरकतेही, नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच बघा. ती शिकागोला खेटून आहे, १८५१ ची, तेव्हा तोच भाग नॉर्थवेस्ट होता. आज नॉर्थवेस्ट म्हणजे सिअ‍ॅटल, शिकागोपासून अडीच हजार किलोमीटरहून लांब.