पार्श्वभूमी : फोटोग्राफीची पदवी आणि चित्रकलेची अट

मुंबईत कॅमेरा शिकवण्याला सुरुवात झाली ती फार लवकर. १८५४ साली इथे छायाचित्रकारांची संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेत छायाचित्रणाचा वर्ग भरू लागला. तरी नंतरच्या काही पिढ्या ही कला शिकल्या त्या बहुतेक स्टुडिओत, मालकाच्या हाताखाली, प्रिंट धुता धुता. आजच्या पदवीचं मूळ शोधायचं तर मुंबईच्या सर जे.जे. कला महाविद्यालयात, म्हणजे जे.जे.मध्ये, १९३५ साली सुरू झालेल्या कमर्शियल आर्ट (जाहिरातकला) विभागाशी यावं लागतं. १९६१ मध्ये त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली आणि १९८०च्या दशकात पदविकेची जागा विद्यापीठाच्या पदवीने घेतली.

म्हणजे फोटोग्राफी विद्यापीठात आली ती जाहिरातीचा हात धरून. इलस्ट्रेशन, टायपोग्राफी यांच्या रांगेतला तो एक ऐच्छिक विषय. या घराण्याने दिलेलं शिक्षण मात्र कसदार होतं. काचेची बाटली टिपायचं उदाहरण घ्या. मागून उजेड द्यायचा, दोन्ही बाजूंना चौकटीबाहेर काळे पुठ्ठे उभे करायचे, म्हणजे काचेच्या कडा गडद रेषेने उठून दिसतात. पुठ्ठा बोटभर सरकला तरी रेष बदलते. रोलवर छत्तीसच फ्रेम असायच्या, त्यामुळे बटण दाबण्याआधी विचार व्हायचा. मुंबईतल्या जाहिरात संस्थांना अशी तयार मुलं हवीच होती.

खरा वाद आहे तो प्रवेशाचा. उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते आणि तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचे पेपर असतात. ज्याला पुढे कॅमेराच धरायचा आहे, त्यालाही आधी पेन्सिलीने माठ आणि कापडाच्या चुण्या रेखाटाव्या लागतात. अटीच्या समर्थकांचं म्हणणं असं, की रेखाटनामुळे छायाप्रकाश आणि रचना नजरेत बसते. ते खरं आहे. पण नजर घडवणं हे अभ्यासक्रमाचं काम. त्यासाठी दारातच चाळणी कशाला? शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नसलेल्या गावातली मुलं इथेच गळतात. ती फोटो कसे काढतात, हे कोणी बघतही नाही.

हीच विद्या हलत्या चित्रांसाठी शिकवायची ठरली तेव्हा निर्णय वेगळा झाला. १९६०मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या चित्रपट संस्थेत छायालेखनाला स्वतःचा पूर्ण अभ्यासक्रम मिळाला. स्थिर छायाचित्रणाला तो मान मिळायला पुढे कित्येक दशकं गेली. गांधीनगरला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्यात पदव्युत्तर पदवी मिळू लागली आणि पुण्यात खासगी विद्यापीठांनी पदवीचे वर्ग काढले. तिथे पहिल्या वर्षापासून कॅमेरा हातात येतो, पण शुल्क सरकारी महाविद्यालयाच्या कित्येक पट.

दरम्यान कामाचं स्वरूपच पालटलं. डिजिटल कॅमेऱ्याने डार्करूम मोडीत काढल्या आणि मोबाइलने साधी कामं घरोघरी नेली. आज पदवीधर ऑनलाइन दुकानांचे कॅटलॉग करतात, लग्नं करतात, वेबमालिकांच्या सेटवर स्टिल काढतात, शिष्यवृत्तीवर दीर्घ प्रकल्प उभारतात. त्यांना बाटलीच्या प्रकाशयोजनेइतकीच गरज असते ती दर ठरवण्याची, करार वाचण्याची, चित्रांवरचे हक्क राखण्याची आणि वीस फोटोंतून एक सलग गोष्ट मांडण्याची. जाहिरात संस्थेतल्या नोकरीसाठी आखलेल्या अभ्यासक्रमात याला फारशी जागा नव्हती.

२०२३ मध्ये जे.जे.ला अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याआधी स्वतंत्र राज्य कला विद्यापीठ हवं की अभिमत, यावर माजी विद्यार्थी आणि शिक्षकांत बराच काथ्याकूट झाला. शुल्क वाढेल ही भीती अनाठायी नव्हती. मात्र या बदलाने अभ्यासक्रम स्वतः आखण्याची मोकळीकही आली आहे. छायाचित्रणाला पहिल्या वर्षापासून स्वतंत्र पदवी देणं आणि प्रवेशासाठी काढलेले फोटो पाहणं, हे दोन्ही निर्णय आता संस्थेच्या आवाक्यात आहेत.