रंकाळ्यातला 'ळ' आणि शून्य-एकचा हिशेब

मोबाइलवर 'रंकाळा' टाइप केलं, की त्यातला ळ मेमरीत अक्षर म्हणून जात नाही, आकडा म्हणून जातो. तो आकडा २३५५. चिपला दोनच अवस्था ओळखता येतात, त्यामुळे हा आकडाही शून्य आणि एकातच मांडावा लागतो: १००१००११००११. त्याच्या अलीकडचा २३५४ म्हणजे ल: १००१००११००१०. फरक फक्त शेवटच्या बिटाचा, म्हणजे शेवटच्या शून्य-एकाचा. तेवढं एक बिट बदललं की 'वेल'ची 'वेळ' होते!

कुठल्या अक्षराला कुठला आकडा, हे माणसांनी आपसांत ठरवलेलं असतं. अमेरिकेत १९६३ साली आस्की हे प्रमाण आलं. सात बिटांत १२८ जागा. इंग्रजी अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं त्यात बसली. देवनागरीला जागा नव्हती. आपल्याकडे १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आलं आणि त्याच वर्षी जगभरच्या लिपींसाठीच्या युनिकोड या प्रमाणाची पहिली आवृत्तीही निघाली. युनिकोडमध्ये २३०४ ते २४३१ हे आकडे देवनागरीचे.

पण डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायच्या धंद्यात बरीच वर्षं वेगळीच युक्ती चालली. आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा आणि फाँटमध्ये त्या जागी मराठी अक्षराचं किंवा त्याच्या तुकड्याचं चित्र बसवायचं. कागदावर लग्नपत्रिका सुरेख उमटायची, संगणकाच्या लेखी मात्र तो इंग्रजी अक्षरांचा गोंधळ असायचा. म्हणून अशी फाइल तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडली की अगम्य काहीतरी दिसतं, आणि त्यात 'पन्हाळा' शोधला तर सापडत नाही. कोल्हापुरातल्या तालीम मंडळांच्या स्मरणिका, स्थानिक अभ्यासकांचं लेखन, जुने दिवाळी अंक यांतलं जे काही अशा फायलींत पडून असेल, ते वेळेवर युनिकोडमध्ये आणायलाच हवं, असं मला कळकळीनं वाटतं. फाँट गेला की मजकूर वाचायची किल्लीच गेली.

युनिकोडमध्ये चित्राचा नाही, उच्चाराचा क्रम पाळतात. 'किल्ला' लिहिताना वेलांटी क-च्या आधी दिसते, पण साठवताना क आधी आणि वेलांटी नंतर. मग ल, हलन्त, ल, काना. एकूण सहा आकडे. जोडाक्षर जुळवणं आणि वेलांटी डावीकडे नेणं हे काम पडद्यावर दाखवताना होतं.

फायलींत आणि वेबवर हे आकडे बहुधा यूटीएफ-८ पद्धतीनं साठवतात. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये रचली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट, म्हणजे आठ बिट लागतात, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'कोल्हापूर'मध्ये क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र अशी नऊ चिन्हं, म्हणजे २७ बाइट; इंग्रजीत लिहिलं तर आठच. आजच्या फोनमध्ये एवढी जागा कुणाच्या लक्षातही येत नाही.

एसएमएसमध्ये मात्र येते. एका संदेशाला १४० बाइटच मिळतात. इंग्रजी अक्षरं सात-सात बिटांत बसतात, म्हणून १६० मावतात. मराठी चिन्हाला तिथे १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०. आणि त्यातल्या नऊ जागा एकटं 'कोल्हापूर' घेतं.