‘क्षमा करा आणि विसरून जा’ हे बायबलमधलं वचन नाही

चर्चमधल्या प्रवचनांतही हे वाक्य इतकं ऐकू येतं, की ते येशूचंच असावं असं वाटतं. बायबलमध्ये ते कुठेच नाही. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ३१व्या अध्यायात ‘त्यांचं पाप मी स्मरणार नाही’ असं देव म्हणतो, पण ते देवाचं स्वतःबद्दलचं अभिवचन आहे. माणसाला दिलेली आज्ञा नव्हे. ज्याला सख्ख्या नातलगांनीच गुलाम म्हणून विकलं, तो बायबलमधला योसेफ तर त्या भावांना जवळ करतानाच म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं होतं. विसरला कुठे?

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेसाठी मत्तयाच्या शुभवर्तमानात शब्द वापरलाय तो ऋणाचा. ऋण सोडायचं म्हणजे वसुलीचा हक्क सोडायचा. किती देणं होतं हे ठाऊक असल्याशिवाय सोडणार काय? आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या १७व्या अध्यायात भाऊ चुकला तर आधी त्याला दटावायला सांगितलंय, हे सोयीस्करपणे गाळलं जातं.

‘क्षमा केली म्हणजे खटला संपला’ हा दुसरा गैरसमज. जानेवारी १९९९मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, १० वर्षांचा फिलिप नि ६ वर्षांचा टिमथी, गाडीत जाळले गेले. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना जाहीर क्षमा केली. खटला मात्र चाललाच. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य दोषी दारा सिंगची जन्मठेप कायम केली. बाईंनी सोडला तो स्वतःचा सूड. शिक्षा माफ करणं त्यांच्या हातात नव्हतंच.

घरात मार खाणाऱ्या बाईला ‘विसर आणि परत जा’ म्हणणाऱ्यांनी लूकचा तो अध्याय पुन्हा उघडावा.