पार्श्वभूमी: एकच आयडी दोनदा आल्याची सूचना

वेबपानातल्या एखाद्या घटकाला दिलेले ओळखनाव म्हणजे आयडी. एका पानात एक आयडी एकदाच, हा नियम एसजीएमएलचा (एचटीएमएलच्या आधीची, टॅगने मजकुराची रचना सांगणारी भाषा), म्हणजे १९८६ पासूनचा. डीटीडीवर (कोणते टॅग आणि गुणधर्म कुठे चालतात याची नियमावली) चालणारे जुने व्हॅलिडेटर (पानातल्या चुका तपासणारी साधने) तो मोडला की दोन तुटक ओळी छापत: हा आयडी आधीच आला आहे, आणि पहिल्यांदा इथे आला होता. नव्या व्हॅलिडेटरनेही ही जोडी ठेवली. फक्त पहिली ओळ चूक आणि दुसरी इशारा म्हणून दाखवली. त्यामुळे एक आयडी पाचदा आला की चार चुका आणि चार इशारे, आणि चारही इशारे त्याच एका ओळीकडे नेणारे. मोठ्या पानाच्या अहवालात यातून काही हाती लागत नाही.

एचटीएमएल ४ मध्ये id आणि name (घटकाला नाव देणारे दोन गुणधर्म) यांची नावे एकाच यादीतली धरली होती. पण name हा डीटीडीच्या दृष्टीने साधा मजकूर, म्हणून त्यातली पुनरावृत्ती व्हॅलिडेटरला दिसतच नसे.

खरा वाद सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही पान वापरता यावे याच्या, निकषांवरून झाला. २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० या वेब-सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत निकष ४.१.१ होता: टॅग नीट बंद हवेत, आयडी एकमेव हवेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये २.२ आवृत्तीतून तो काढून टाकला. कारण असे दिले की चुकीच्या मार्कअपचे (पानातल्या टॅगच्या मांडणीचे) काय करायचे ते ब्राउझर आता एकसारखे ठरवतात, आणि वापरणाऱ्याला खरोखर अडवणाऱ्या चुका इतर निकषांत पकडल्या जातात. २.१ मध्येही हा निकष एचटीएमएलसाठी पूर्ण झालाच असे मानावे, अशी टीप आली.

तर्क बरोबर आहे, पण अनेकांनी त्याचा अर्थ ‘दोनदा आला तरी चालतो’ असा घेतला, तो चूक. एचटीएमएलमध्ये ती आजही चूकच आहे. डिलिव्हरी आणि बिलाच्या पत्त्यात दोन्हीकडे id="pincode" असला, तर दुसऱ्या लेबलवर क्लिक केल्यावर कर्सर पहिल्याच चौकटीत जातो आणि स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाला) दुसरी चौकट निनावी सापडते. उलट ज्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही असा सजावटीच्या चिन्हाचा आयडी दोनदा आला तर वाचणाऱ्याचे काही अडत नाही.

जुनी सूचना हा फरक सांगत नाही. म्हणून आता मागणी आहे ती आयडीमागे एकच नोंद, त्याखाली सगळ्या ओळींचे क्रमांक, आणि for, aria-labelledby (चौकटीला तिचे लेबल जोडणारे गुणधर्म) किंवा दुवा त्या आयडीवर अवलंबून असेल तर ते सर्वांत वर.