पळत जाऊन उपसलेली माती

१८१८ साली विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने तुरुंगांसाठी एक चाक तयार केलं. आडव्या पिंपासारखं, बाहेरच्या अंगाला पायऱ्या बसवलेलं. कैद्यांनी ओळीने उभं राहून तासन्‌तास चढत राहायचं. पायरी खाली सरकत राही, माणूस होता तिथेच. काही तुरुंगांत या चाकाला जातं किंवा पाण्याचा पंप जोडलेला असे. बऱ्याच ठिकाणी काहीच जोडलेलं नसे. त्या कामाला 'वारा दळणं' असं नाव पडलं होतं. १८९८ च्या कायद्यानंतर ही शिक्षा हळूहळू बंद झाली. पुढे शंभर वर्षांच्या आतच त्याच नावाच्या यंत्रावर, दर महिन्याला पैसे भरून, लोक आपखुशीने चढू लागले. ट्रेडमिल.

गटाने धावत जायचं, वस्तीतलं एखादं अंगमेहनतीचं काम उरकायचं आणि धावतच परत यायचं, ही कल्पना आज जगात बऱ्याच ठिकाणी रुजली आहे. तिच्या मुळाशी ही वारा दळण्याची चीड आहे. पण नुसत्या चिडीतून काही उभं राहिलं नसतं. धावणाऱ्यांची आणि श्रमदान करणाऱ्यांची अशा दोन वेगळ्या परंपरा होत्या, आणि त्यांची गाठ पडायला बराच काळ जावा लागला.

धावणाऱ्यांची आधी पाहू. एकत्र पळण्यामागे सुरुवातीला परोपकार वगैरे काही नव्हता. १९३८ साली क्वालालंपूरमध्ये काही ब्रिटिश मंडळींनी 'हॅश हाउस हॅरियर्स' सुरू केलं. एकाने कागदाचे तुकडे टाकत पुढे पळायचं, बाकीच्यांनी माग काढायचा. नावातलं 'हॅश हाउस' म्हणजे त्यांची खाणावळ. तिथल्या बेचव जेवणावरून पडलेलं टोपणनाव. १९५० मध्ये संस्थेची नोंदणी करताना जे उद्देश लिहून दिले, त्यांत शनिवार-रविवारच्या मद्यपानाचा उतारा करणं आणि बिअरसाठी चांगली तहान लावून घेणं यांचा समावेश होता. एवढा प्रामाणिक उद्देशलेख संस्थांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

सर्वसामान्य माणसाने तब्येतीसाठी हळूहळू, घोळक्याने पळावं हा विचार १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियर्ड या प्रशिक्षकाभोवती आकाराला आला. ऑकलंडमधल्या अशाच एका घोळक्याबरोबर अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन पळायला गेले. वय पन्नाशीचं, जन्म मैदानावर गेलेला. तरी सत्तरी ओलांडलेल्या आणि हृदयविकारातून उठलेल्या एका गृहस्थांच्या बरोबरीने त्यांना पळता येईना. बॉवरमन घरी परतले ते जॉगिंगचे प्रचारक होऊनच. १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर लिहिलेलं त्यांचं 'जॉगिंग' हे पुस्तक खूप खपलं.

मग धावण्यात पैसा आला, म्हणजे दुसऱ्यासाठी गोळा केलेला पैसा. कर्करोगाने एक पाय गमावलेला कॅनडाचा टेरी फॉक्स १२ एप्रिल १९८० ला पळायला निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाला. पुढच्या वर्षी २९ मार्चला पहिली लंडन मॅरेथॉन झाली आणि ६,००० हून अधिक लोकांनी ती पूर्ण केली. तिथून 'अमुक संस्थेसाठी धावतोय, मदत करा' हे सांगणं सर्रास झालं. यातून उभा राहिलेला निधी मोठा आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण एक गोष्ट नजरेआड होते. यात धावण्याची प्रत्यक्ष मेहनत कुणाच्या उपयोगी पडत नाही. ती फक्त देणगीचं निमित्त असते. चाकाला जातं अजून जोडलेलं नव्हतं.

दुसरी परंपरा हातांची. पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या व्हर्दूनजवळच्या एन या गावात १९२० साली पिएर सेरेझोल हा स्विस शांततावादी अभियंता काही देशांतले स्वयंसेवक घेऊन गेला. त्यांत जर्मनही होते. घरं उभारायची, रस्ते दुरुस्त करायचे, शेतं पुन्हा कसण्याजोगी करायची. जर्मनांचं तिथे असणं सहन न झाल्याने काही महिन्यांतच शिबिर आवरावं लागलं, पण 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संस्था आणि श्रमशिबिरांची पद्धत त्यातूनच पुढे आली. ब्रिटनमध्ये १९५९ साली 'कॉन्झर्वेशन कोअर'चे स्वयंसेवक बॉक्स हिल या टेकडीवर झुडपं तोडायला जमले. गवताळ रान झुडपांखाली गुदमरत होतं, ते मोकळं करायचं होतं.

'कॉन्झर्वेशन कोअर'चा पुढचा अवतार असलेली संस्था आणि ऑक्सफर्डशायरमधल्या सॉनिंग कॉमन गावचे डॉक्टर विल्यम बर्ड यांनी मिळून १९९८ मध्ये 'ग्रीन जिम' सुरू केली. बर्ड यांनी आधी रुग्णांसाठी चालण्याचे गट काढले होते. पण नुसतं चालणं सगळ्यांनाच रुचत नाही. काहींना हाताला काम लागतं. म्हणून खोदणं, लावणं, कुंपण घालणं हाच व्यायाम ठरला. सुरुवातीला अंग मोकळं करायचं, शेवटी ताण द्यायचे, अगदी जिमसारखं. दोन्ही परंपरा इथे एकमेकींच्या अगदी जवळ आल्या. फरक एवढाच की इथे कुणी पळत नव्हतं.

ऑक्टोबर २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी १३ धावकांना घेऊन ५ किलोमीटरची विनामूल्य धाव भरवली. त्यांना स्वतःला दुखापत होती, पळता येत नव्हतं, म्हणून वेळ नोंदवायचं काम घेतलं. शेवटच्या रेषेवर क्रमांकाचं टोकन म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर हातात दिले जात. तीच पुढे 'पार्करन' झाली. धावगट ही चीज निव्वळ स्वयंसेवकांच्या बळावर, दर आठवड्याला, न चुकता चालू शकते हे तिने दाखवून दिलं. मला यातलं 'न चुकता' सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. श्रमदानाची रड तीच असते. उत्साह असतो, माणसंही असतात, पण 'एकदा जमूया' म्हणता म्हणता वर्ष जातं. धावणाऱ्यांकडे मात्र ठरलेला वार आणि ठरलेली वेळ आधीपासून होती.

हा वार सेवेला उसना देण्याचं काम पूर्व लंडनमध्ये 'गुडजिम'ने २००८ पासून सुरू केलं. आयव्हो गॉर्मली यांना जिम आवडत नसे. एवढी ताकद यंत्रांवर वाया जाते हे खटके. ओळखीतले एक वृद्ध गृहस्थ घराबाहेर पडू शकत नसत. गॉर्मली पळत त्यांच्याकडे वर्तमानपत्र घेऊन जाऊ लागले. चार गप्पा, मग पळत परत. त्यात एक गंमत झाली. आजोबा वाट पाहत असल्यामुळे दांडी मारता येईना. एरवी आळसाने बुडणारा व्यायाम त्यांच्यामुळे टिकला. म्हणून गुडजिमने अशा ज्येष्ठांना नाव दिलं 'कोच'. मदत घेणाऱ्याला शिकवणाऱ्याची जागा देणारा हा शब्द मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत हुशार शोध वाटतो. कीव केली जात असेल, तर दार उघडायला माणूस कचरतो. इथे तोच पाहुण्याला दम देऊ शकतो, 'मागच्या आठवड्यात कुठे होतास?'

गटाची धाव याहून धसमुसळी. संध्याकाळी ठरलेल्या जागी पिशव्या ठेवायच्या, दोन-तीन किलोमीटर पळायचं आणि सामूहिक बागेत किंवा शाळेच्या आवारात पोचायचं. तिथे मातीचा किंवा लाकडाच्या भुशाचा ढीग असतो, तो आवाराच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा असतो. ऐकायला सोपं वाटतं, पण पळताना फावडं घेऊन जाता येत नाही, म्हणून अवजारं तिथेच हवीत. वीस माणसं आणि पाच फावडी असली की पंधरा जण घामेजल्या अंगाने उभे राहतात आणि पाच मिनिटांत कुडकुडू लागतात. म्हणून कुणीतरी आधी जागा पाहून येतं, काम तासाभरात उरकेल एवढं बेतून घेतं. अवजारं कमी असली की माणसांची साखळी करायची आणि बादल्या हातोहात पुढे सरकवायच्या. हिवाळ्यात सहालाच अंधार पडतो, तेव्हा डोक्याला दिवे बांधून तण उपटतात. अशा उजेडात तण आणि रोप सारखंच दिसतं, त्यामुळे एखादं लावलेलं रोपही उपटलं जातं. बागवाल्यांना हे ठाऊक असतं.

साधारण याच सुमारास, २००७ मध्ये, फिलाडेल्फियात ॲन मालम यांनी 'बॅक ऑन माय फीट' सुरू केलं. रोज पहाटे पळताना त्या बेघरांच्या निवाऱ्यावरून जात. तिथल्या माणसांना पळायला बरोबर घेतलं. इथे सेवा आणि धावणं वेगळं काढताच येत नाही. स्वीडनच्या एरिक आल्स्ट्रम यांचं २०१६ चं 'प्लॉगिंग', म्हणजे पळता पळता कचरा उचलणं, जगभर सर्वाधिक गाजलं. त्याला ना संघटना लागते, ना अवजारं. एक पिशवी पुरते. पण वाट पाहणारं कुणी नसल्यामुळे एकट्याचं प्लॉगिंग लवकर बंद पडतं, असं माझं निरीक्षण आहे.

ब्रिटनमधली ही वाढ ज्या काळात झाली, तोही लक्षात घ्यायला हवा. २०१० नंतर तिथल्या सरकारने स्थानिक संस्थांच्या निधीला मोठी कात्री लावली आणि त्याच वेळी 'बिग सोसायटी' म्हणून स्वयंसेवेचा उदोउदो केला. पगारी माळ्याचं काम फुकट हातांवर ढकललं जातंय, ही टीका तेव्हा झाली आणि ती खोटी नव्हती. तासाभराच्या गटाने माळ्याची जागा भरून निघतही नाही. ढीग हलवायला वीस जण उत्तम. रोज पाणी घालायला एकच, पण रोज येणारा लागतो.

२०२० च्या टाळेबंदीत घोळक्याने पळणं बंद झालं, आणि एकेकट्याने औषधं, किराणा पोचवण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. वर्तमानपत्र घेऊन निघालेल्या त्या पहिल्या धावेसारख्याच. गट पुन्हा जमले तेव्हा पळण्याची सक्ती सैल झाली. आता चालत आणि सायकलवरून येणारेही असतात. पाऊस असला तर तेच आधी पोचतात, आणि चांगली फावडी पटकावून बसतात.