मॅकिंटॉशला मेण लावू नका

जुन्या विलायती रेनकोटाच्या फोटोखाली ‘वॅक्स्ड मॅकिंटॉश’ असं लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. एक तर वॅक्स्ड, म्हणजे मेणाचा, नाही तर मॅकिंटॉश, म्हणजे रबराचा!

मॅकिंटॉश तुमच्या घरातही येऊन गेलाय. तान्ह्या बाळाखाली अंथरतात ते रबरी कापड आठवा. दवाखान्यात सिस्टर त्याला ‘मॅकिंटॉश’च म्हणतात. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवलं, दोन कापडांमध्ये त्याचा थर दिला आणि १८२३मध्ये पेटंट घेतलं. सुरुवातीचे कोट थंडीत कडक व्हायचे, उन्हात चिकटायचे. रबर व्हल्कनाइज करणं, म्हणजे गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करणं, १८४०च्या दशकात जमलं, तेव्हा ते दुखणं गेलं.

आपण मात्र त्या रबरी कापडाला ‘मेणकापड’ म्हणतो, आणि मेण त्यात औषधालाही नसतं.

मेणाचं कापड आलं खलाशांकडून. आधी जवसाचं तेल चोपडलेलं कापड असायचं. ते पिवळं पडे, थंडीत ताठरे. १९३०च्या दशकात पॅराफिन मेण मुरवलेलं सुती कापड आलं. बार्बर, बेलस्टाफ या विलायती कंपन्यांची जॅकेटं त्याचीच.

आता खरी गोम. मॅकिंटॉशमध्ये पाणी अडवणारा थर वेगळा आणि सलग असतो. पाणी आत येत नाही, तसा घामही बाहेर जात नाही. हा कोट गळतो शिवणीतून, कारण प्रत्येक टाका म्हणजे रबराला पडलेलं भोक. म्हणून शिवणी आतून पट्टी चिकटवून बंद करतात. मेणाच्या कापडात थर नसतोच. धाग्यांमधल्या फटी मेणाने बुजलेल्या असतात, त्याही पुरत्या नाहीत, त्यामुळे घामाची थोडी वाफ बाहेर पडते. पण कोपरावर, घडीवर मेण झिजतं आणि तिथून पाणी झिरपतं. ते पुन्हा लावावंच लागतं. हे न कळून लोक मॅकिंटॉशला मेण चोळतात. त्यातल्या तेलकटपणाने रबर फुगतं, मऊ पडतं, कोट कायमचा जातो. उलट मेणाचं जॅकेट गरम पाण्यात साबण घालून धुणारेही आहेतच; त्यांच्या हाती शेवटी साधा सुती डगला उरतो.

शंका असेल तर नख ओढा. फिकट रेघ उमटून तळव्याच्या उबेने पुसट झाली, तर मेण.

चालायचं असेल तर मी मेणाचंच घेईन. मॅकिंटॉश बसस्टॉपवर उभं राहण्यापुरता.

ट्रेंच कोटाचं, म्हणजे कमरपट्ट्याच्या लांब कोटाचं, गॅबर्डिन हे घट्ट विणीचं कापड यात आणू नका. त्याचं सूत विणण्याआधीच जलरोधक करायचे.