पाय थकलेत की मन उडालंय?

टायमिंग पडलं, झोप बिघडली, चिडचिड वाढली की मैदानावर दोनच निदानं ऐकू येतात: ‘सराव जास्त झाला’ किंवा ‘पोरगं मनापासून करत नाही’. अतिसराव आणि बर्नआउट, म्हणजे खेळातून मनच उडणं, बाहेरून जवळपास सारखेच दिसतात. इलाज मात्र वेगळे आहेत, आणि ते उलटसुलट झाले तर चांगला खेळाडू हातचा जातो.

अतिसरावात भार आणि विश्रांतीचा हिशेब चुकलेला असतो. सराव म्हणजे शरीराला मुद्दाम दिलेला ताण. त्याचं ताकदीत रूपांतर होतं ते नंतरच्या झोपेत आणि जेवणात. ही भरपाई आठवडेच्या आठवडे अपुरी पडली की कामगिरी घसरते. वेळीच ओळखलं तर काही दिवसांत सावरता येतं, मुरलं तर महिने जातात. पण खेळायची इच्छा इथे बहुतेकदा शाबूत असते, आणि तीच घात करते. पोलीस भरतीसाठी 1600 मीटरची तयारी करणारा मुलगा वेळ घसरली की थांबत नाही, दुसऱ्या दिवशी दोन राउंड जास्त मारतो. जिना चढताना पाय भरून येतात, तरी पहाटे ग्राउंडवर पहिला हजर तोच. अशा मुलाला ‘जिद्द दाखव’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

बर्नआउटमध्येही थकवा असतो, आपल्याला जमत नाही ही भावना असते. पण खरी खूण म्हणजे खेळाचं मोलच वाटेनासं होणं. इथे आठवड्याची सुट्टी पुरत नाही. ऑस्ट्रेलियाची टेनिसपटू ॲश बार्टी 2014 मध्ये, अवघ्या 18 व्या वर्षी टेनिसपासून दूर झाली. मधल्या काळात ती ब्रिस्बेन हीट या संघाकडून क्रिकेट खेळली, 2016 मध्ये स्वतःच्या मर्जीने परतली आणि 2019 मध्ये फ्रेंच ओपन जिंकली. परत यायचं की नाही, हे तिचं तिने ठरवलं होतं. मला यात तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कारण इच्छा किती आहे याइतकंच ती कुठून येते हेही पाहावं लागतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला फरक इथे कामाला येतो: स्वतःच्या ओढीने खेळणं वेगळं, आणि भीती, अपराधीपणा किंवा घरच्यांच्या दबावाखाली खेळणं वेगळं. दोघं तेवढेच किलोमीटर पळतील. पण दुसऱ्याला सुट्टीच्या दिवशीही ‘आज सराव बुडवला’ हे टोचत राहतं. अंग पलंगावर असतं, ताण उतरत नाही.

‘आठवडाभर सराव बंद’ असं सांगून बघा. अतिसराव झालेला तळमळतो, बर्नआउट झालेल्याचा चेहरा मोकळा होतो. हा अंदाजच, निदान नव्हे. दोन्ही एकत्रही असू शकतात. शिवाय आधी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, खाणं पुरेसं आहे का ते बघा. मुलींची पाळी बंद झाली असेल तर ‘सरावामुळे होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका.